'मान्यता' आणि 'वाटप' : वनहक्कांच्या शासकीय मराठीविषयी

शासकीय मराठीच्या संस्कृतप्रचुरतेची थट्टा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखकाची तक्रार निराळी आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या मराठी शीर्षकात 'वनहक्कांची मान्यता' असे शब्द आहेत, आणि 'मान्यता' हा शब्द तेथे नेमका पडला आहे. जे अगोदरपासून आहे तेच मान्य करता येते. नसलेले द्यावे लागते. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला असे उद्देशिकेतच कबूल करणाऱ्या कायद्यास हाच अर्थ अभिप्रेत होता. परंतु व्यवहारात आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत रूढ झाले ते 'वनपट्टे वाटप'. वाटपास दाता लागतो, पसरलेला हात लागतो, बहुधा मंडपही लागतो. हक्कदाराचा लाभार्थी झाला तो असा.

'अतिक्रमण' या शब्दाची कथा याहून गंभीर आहे. २००६ पूर्वी शासन वनजमिनीवरील 'अतिक्रमणे नियमानुकूल' करीत असे; म्हणजे अपराध गृहीत धरून क्षमा करीत असे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात या शब्दाने केलेला घोटाळा मुंबईकरांच्या डोळ्यांसमोरचा आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनात नवपाडा, चुनापाडा यांसारखे वारल्यांचे पाडे आहेत, आणि कडेने मागाहून वाढलेल्या झोपडवस्त्याही होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या ७ मे १९९७ च्या आदेशानंतर त्या वस्त्या हटविण्यास प्रारंभ झाला, तेव्हाच्या चर्चेत पिढ्यान्‌पिढ्यांचा वारली आणि कालचा झोपडीवासी एकाच शब्दाखाली आले. बिबट्याचे हे रान राखले पाहिजे, आणि त्यावर शहराचा भार फार आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याने सीमा ओलांडली त्यालाच अतिक्रमक म्हणता येईल. ज्याच्या अंगणावरून सीमा गेली त्याचे काय?

ही सीमा आखण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार राखीव वनाची उद्घोषणा आसपासच्या गावोगावी 'स्थानिक भाषेत' प्रसिद्ध करावयाची असते, आणि नवव्या कलमानुसार, ज्या हक्काची मागणी झाली नाही व जो चौकशीतही आढळला नाही, तो सामान्यतः नष्ट होतो. ठाणे जिल्ह्यात स्थानिक भाषा म्हणजे लेखी मराठी! घरात वारली बोलणाऱ्या आणि अक्षरओळख नसलेल्या माणसाला ती उद्घोषणा वाचून कोणी दाखविली असेल? न वाचलेल्या कागदाला उत्तर दिले नाही, एवढ्यावर हक्क बुडू शकतो.

२००६ चा कायदा या बाबतीत पुष्कळ शहाणा आहे. मूळ इंग्रजी मजकुरात ग्रामसभेच्या व्याख्येत 'पाडा' हा शब्द जसाच्या तसा घेतला आहे. गाव म्हणून अधिसूचित न झालेली जुनी वस्तीही त्यात गाव ठरते. तेव्हा महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामसभा कोठली, हा आक्षेप आमच्या मते लटका आहे. नियमांत पुरावा म्हणून विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे आणि वडीलधाऱ्यांचे निवेदन धरले आहे. शिवेवरचा वाघदेवही अशा रीतीने साक्षीस येऊ शकतो. संरक्षित क्षेत्रातून लोकांना हलवावयाचे तर अगोदर हक्क मान्य व्हावेत आणि ग्रामसभेची लेखी संमती असावी, ही अटही आहे.

मराठीला या विषयासाठी शब्द नाहीत असे नाही. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतल्याचे मानले. त्याला कोणी अतिक्रमक म्हटले नाही. दादर-परळच्या चाळीतील भाडेकरूलाही भाडेनियंत्रण कायद्याने ताब्याच्या बळावर संरक्षण दिले, आणि आपण मध्यमवर्गीयांनी ते निःसंकोच उपभोगले. 'वहिवाट' हा आपला जुना, कसदार शब्द दीर्घकाळच्या उपभोगातून येणारा हक्क सांगतो. वनहक्काच्या मराठी कागदांत तोच यावा.

शब्दाइतकेच महत्त्व नोंदीला आहे. वडीलधाऱ्याचे निवेदन लिहून घेणारा हात बहुधा कारकुनाचा असतो. वृद्ध वारली 'रान साफ करून नाचणी लावली' अशा आशयाचे आपल्या बोलीत सांगतो, आणि कागदावर 'वनजमिनीवर अतिक्रमण करून शेती केली' असे उतरू शकते. खाली अंगठा मात्र वृद्धाचा. यास्तव निवेदन प्रथम बोलीतच देवनागरीत शब्दशः उतरावे, शेजारी मराठी रूपांतर द्यावे, आणि दोन्ही पाड्यात मोठ्याने वाचून दाखवावीत. बोलींचे ध्वनिलेखन शिकलेले आमचे विद्यार्थी हे काम करू शकतील. विभागाने पुढील वर्षीच्या क्षेत्रकार्यासाठी बोरिवलीचा विचार करावा.