रोमन नाण्यांची पारख आणि तगरचा पुरावा

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे समीकरण जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडले व ते आज सर्वमान्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगरहून कापड भडोचला जात असे. भडोच येथे रोमन सोन्यारुप्याची नाणी स्थानिक चलनाशी बदलून नफा मिळे, असेही तो ग्रंथ नमूद करतो. तगरच्या परिसरात रोमन नाणे मिळाले की त्यास या व्यापाराचा साक्षीदार मानण्याचा मोह त्यामुळेच होतो. साक्षीदार मात्र प्रथम पारखून घ्यावयास हवा. ही पारख सामान्यतः ‘अस्सल की नकली’ या एकाच प्रश्नावर थांबते. दख्खनपुरता हा प्रश्न अपुरा आहे.

रूढ कसोट्या निरुपयोगी आहेत असे नव्हे. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास देनारियसचे वजन घटविले. पूर्वी एका रोमन पौंड चांदीची ८४ नाणी पडत, ती नंतर ९६ पडू लागली. यामुळे तिबेरियसच्या नाण्याचे वजन संशय घेण्यास आधार देते. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खळगे आणि अक्षरांना बोथटपणा आढळतो. परंतु या खुणा निष्काळजी नकलाकारालाच पकडतात. जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा स्वतः ठसे कोरून नाणी पाडी आणि लोखंडाच्या किसासह पेटीत घालून ती गाडीबरोबर हिंदकळत ठेवी. त्याच्या नाण्यांवर ओतकामाची खूण सापडणे शक्यच नव्हते.

खरी अडचण नाण्यावरील लेखाची आहे. लेख अशुद्ध असेल तर नाणे खोटे, असा निष्कर्ष सहज काढला जातो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो टिकत नाही. ज्यास लॅटिन येत नाही असा कारागीर अक्षरे वाचत नाही, तो आकृती पाहतो. त्याच्या हातून शब्दाच्या मर्यादा पुसल्या जातात, अक्षरे उलटतात, अखेरीस उभ्या रेघा व वर्तुळे एवढेच उरते. क्षत्रपांच्या नाण्यांवर हीच प्रक्रिया क्रमाने दिसते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा निधी मिळाला. त्यांतील नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांत प्राकृत शब्द लिहिलेले आहेत. पुढील क्षत्रपांच्या नाण्यांवर ती ग्रीक अक्षरे निव्वळ शोभेची वेलबुट्टी होऊन बसली. म्हणून त्या नाण्यांना कोणी बनावट म्हणत नाही.

याउलट, आजचा नकलाकार बहुधा अस्सल नाण्यावरूनच साचा घेतो, त्यामुळे त्याचा लेख बिनचूक असतो. म्हणजे लेखशुद्धी हीच कसोटी मानणारा संग्राहक आधुनिक नक्कल जपून ठेवील, आणि दोन हजार वर्षांपूर्वी येथल्याच कारागिराने घडविलेली अनुकृती टाकून देईल. ही हानी साधी नव्हे. तेर, कोंडापूर इत्यादी सातवाहनकालीन स्थळी रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडविलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या आहेत. कोणाला फसविण्यासाठी त्या घडविल्या नसाव्यात. मातीचे नाणे कोण घेईल? त्या अंगावर मिरविण्याच्या वस्तू असाव्यात. रोमन सम्राटाच्या मुखवट्यास येथे कोणते मोल होते, हे त्या एखाद्या अस्सल देनारियसपेक्षा अधिक स्पष्टपणे सांगतात.

तेव्हा वर्ग दोन नसून तीन आहेत: रोमन टांकसाळीचे नाणे, प्राचीन देशी अनुकृती आणि आधुनिक बनावट. पहिल्या व तिसऱ्यातील भेद वजन, धातू व ठसा यांवरून बव्हंशी कळतो. दुसऱ्या व तिसऱ्यातील भेद मात्र केवळ वस्तूकडे पाहून नेहमीच कळेल असे नाही, कारण बिघडलेल्या लेखाचीही नक्कल करता येते. तेथे निर्णायक साक्ष मातीच्या थराची. बी. एन. चापेकर यांनी १९५८ साली तेर येथे केलेल्या उत्खननाचे महत्त्व यासाठी विशेष आहे. तेथील वस्तू कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने होती हे सांगता येते. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने तेर येथे उभे असलेले वस्तुसंग्रहालय त्यांच्या चिकाटीचे फळ आहे, आणि तो संग्रह नसता तर तगरचे कितीतरी वैभव नष्ट झाले असते. तरीही पांढरीवर वेचलेल्या वस्तूस थराची साक्ष नसते, हे अभ्यासकाने विसरू नये.

नाणे शेतकऱ्याच्या हातून सराफाकडे आणि तेथून संग्राहकाकडे गेले की ते अस्सल ठरूनही मुके होते. ते रोमन टांकसाळीत पडले एवढे सिद्ध होईल; ते तगरला आले होते, हे सिद्ध होणार नाही. तगरच्या व्यापाराविषयी विधान करणाऱ्याने नाणे खरे आहे काय, याबरोबरच ते कोठे सापडले हेही विचारले पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पहिल्याच्या उत्तरावर इतिहासाची इमारत रचू नये.