तिसऱ्या पावलाआधीचा इशारा

जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी यंत्रमानवाची गोष्ट म्हणून वाचली जाते. मला ती बळीची गोष्ट वाटते.

जमिनीत एका अतिप्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या ज्ञानातून यंत्रमानव घडतो, त्याचं नाव वामन. त्याला आपल्यासारखे आणखी घडवायचे आहेत. ठेवा मागे ठेवणाऱ्यांचा अंत कशाने झाला हे शास्त्रज्ञांना उमगतं, पण उशिरा.

पुराणातल्या बळीची गोष्ट वेगळी. हा बटू कोण आहे, हे शुक्राचार्य त्याला दान देण्याआधीच सांगतात. तरीही तो उदक सोडतो. भविष्य कळल्याने तो वाचत नाही. उलट त्याच्या दानाचं वजन वाढतं. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’मध्ये (१९६५) पॉलची जातही हीच. बेने गेसेरिट या पंथाने आपल्या सोयीसाठी भोळ्या लोकांत पेरून ठेवलेल्या भाकितावर तो स्वार होतो. आपल्या नावाने होणारा संहार त्याला आधीच दिसलेला असतो, तरी तो गादीवर बसतो. ‘ड्यून मसाया’त (१९६९) हर्बर्टने त्या गादीचा हिशेबही मांडला. नारळीकरांचे शास्त्रज्ञ या मानाने सुटतात. त्यांना वेळेवर कोणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे त्यांच्या वाट्याला चूक येते, पाप येत नाही. कादंबरी इथे थोडी हलकी पडते.

दुसरी अडचण नावाची आहे. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) बळीला न्यायी राजा आणि वामनाला कपटी आक्रमक ठरवलं, त्यानंतर मराठीत वामन हे नाव निरागस राहिलेलं नाही. आमच्या वडाळ्यात गोदी कामगारांच्या वस्तीत घाटावरून आलेल्या बायका दिवाळीत ओवाळताना बळीचंच राज्य मागत. फुले त्यांतल्या कितीजणींनी वाचले असतील! नारळीकर यंत्राला वामन म्हणतात तेव्हा बळीच्या जागी आपोआप माणूस येतो, आणि वाचक माणसाच्या बाजूने उभा राहतो. पण या बळीचं राज्य न्यायी होतं का? सापडलेलं ज्ञान कोणाच्या मालकीचं, ते वापरायचं की नाही हे मूठभर तज्ज्ञांनीच का ठरवायचं? हे प्रश्न कथानकात हाताशी आहेत, पण यंत्राला आवरण्याच्या घाईत लेखक त्यांच्याकडे फारसा वळत नाही.

भागवतात जिंकलेला विष्णू शेवटी सुतळात बळीच्या दाराशी राखणदार म्हणून उभा राहतो. जेत्याला असं जिताच्या दारात उभं करणारी मराठी विज्ञान कादंबरी मी अजून शोधतो आहे.