झेंडूचा ढीग आणि कॅमेऱ्याची घाई

बडोद्याच्या खंडेराव मार्केटचा फोटो म्हटला की समोरची इमारत येते. सयाजीराव गायकवाडांनी आपल्या कारभाराच्या 25 वर्षांनिमित्त 1906 मध्ये ती बांधून नगरपालिकेला दिली, आणि महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आजही तिथेच आहे. मागच्या फुलबाजारात जाणारे हौशी छायाचित्रकारही थोडे नाहीत. पण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती लागतो तो एकच फोटो: केशरी ढीग आणि त्यात बुडालेला कुणाचा तरी हात.

या फोटोची पहिली अडचण निव्वळ तांत्रिक आहे. झेंडू आणि लाल गुलाब सेन्सरचा लाल चॅनल काठोकाठ भरून टाकतात. एकूण उजेड बेताचा वाटतो, पण पाकळीपाकळीतला फरक पुसला जातो आणि ढिगाचा सपाट केशरी ठोकळा होतो. फोन त्यावर आपणहून आणखी रंग चढवतो, ते वेगळंच. एक्सपोजर थोडं खाली ठेवलं आणि हिस्टोग्राममधल्या लाल आलेखावर लक्ष दिलं तर हे टळतं. पण एवढं थांबतो कोण? फोटोच्या जुन्या काचांवर नेमकं उलट व्हायचं. त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल जास्वंद काळीभोर उमटे.

दुसरी अडचण नजरेची आहे. आपल्याकडे फुलांचं छायाचित्रण म्हणजे मॅक्रो लेन्स, मागे धूसर हिरवा पडदा आणि पाकळीवर स्प्रेच्या बाटलीतलं दव, असा साचा पक्का झाला आहे. श्रीकांत इंगळहळीकरांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’सारख्या कामात जवळून टिपलेलं फूल हवंच, कारण तिथे ओळख पटवायची असते. तीच जवळीक कलेच्या नावाखाली आली की फूल झाडापासून, ऋतूपासून आणि बाजारापासूनही तुटतं. मग या साच्याला कंटाळलेले लोक ‘प्रायोगिक’ होतात: शटर उघडं ठेवून कॅमेरा हलवायचा, किंवा एकावर एक चार एक्सपोजर घ्यायची. जलरंगासारखं काहीतरी दिसतं आणि दोन सेकंदांत संपतं. मला यातलं फारच थोडं काम दुसऱ्यांदा पाहावंसं वाटलं आहे. युक्ती बदलली, पाहणाऱ्याची घाई तशीच राहिली.

जर्मनीतल्या कार्ल ब्लॉसफेल्टचं उदाहरण इथे उपयोगी आहे. बर्लिनमध्ये नक्षीकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून हा शिक्षक तीसेक वर्षं कोंब, कळ्या आणि बोंडांचे कितीतरी पट मोठे फोटो काढत राहिला. त्याचं पुस्तक 1928 मध्ये निघालं आणि मगच लोकांनी त्याला कलावंत म्हटलं. त्याच्याकडे एकही चमत्कृती नव्हती. साधी पार्श्वभूमी, सारखा उजेड आणि वर्षानुवर्षांची चिकाटी.

पण यासाठी बर्लिनपर्यंत जायची तरी काय गरज? 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं, आणि त्याच सुमारास त्र्यंबकेश्वरचा एक तरुण तिथे शिकायला आला. धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे त्याचे प्रयोग या गावात झाले. पुढे त्यानं गोध्र्याला स्टुडिओही काढला. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर सिनेमासाठी भांडवल उभं करायचं होतं, तेव्हा फाळक्यांनी देवदेवतांना हात घातला नाही. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडी थोडी फिल्म उघडी केली. कोंब फुटतो, वाढतो, वेल होतो. सगळं मिळून मिनिटभराचं. ‘अंकुराची वाढ’ या नावानं ते ओळखलं जातं. ते पाहून कर्ज मिळालं आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

सिनेमाच्या इतिहासात ही गोष्ट भांडवलाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. छायाचित्रणाच्या बाजूनं पाहिलं तर मराठी माणसानं वनस्पतीवर केलेला हा एक खराखुरा प्रयोग आहे, आणि आपण त्याचा वारसा पार सोडून दिला आहे. कॅमेरा जागचा हलला नाही. हलला तो वाटाणा. साध्या गोष्टीकडे इतका वेळ पाहणं मराठी गद्याला जमलं आहे. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 चं, आणि त्यात फुलं आपापल्या महिन्यासकट येतात. बडोद्याच्याच ज्योती भट्टांनी गावोगावच्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं टिपली, तीही घरासकट, काढणाऱ्या बायांसकट. फुलांना मात्र असा छायाचित्रकार मिळालेला नाही.

फुलबाजारात वेळ हाच तर विषय आहे. फूल इथे वजनानं विकलं जातं, दोऱ्यात ओवलं जातं, दुपारनंतर मान टाकतं. एकाच जागी तिपाई ठेवून एका टोपलीचा दिवस टिपला, तरी दवाच्या शंभर थेंबांपेक्षा जास्त काही हाती येईल. आणखी एक वाट इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं 1842 मध्येच दाखवून ठेवली आहे: पाकळ्यांचा रस कागदाला लावायचा, वर पान किंवा फूल ठेवायचं आणि कागद उन्हात सोडायचा. ऊन जिथे पोचतं तिथला रंग उडतो, झाकलेला राहतो. कधी काही तास लागतात, कधी आठवडे. हे चित्र पक्कं करता येत नाही. उजेडात ठेवलं की तेही विटत जातं. त्यामुळे ते विकणं कठीण, महिनाभर भिंतीवर टांगणंही कठीण. गॅलरीवाल्यांना ते परवडायचं नाही. बाजारातल्या उरलेल्या फुलांवर मात्र ते आजच्या आज करता येईल, आणि त्याला कॅमेराही लागत नाही.