ध्वनिमुद्रणाची आज्ञावली आणि बोलीचा आवाज : पॉडकास्टच्या संदर्भात एक चिकित्सा

‘पॉडकास्ट’ ही संज्ञा २००४ साली बेन हॅमर्सली यांच्या ‘द गार्डियन’मधील लेखातून पुढे आली. तेव्हापासून या माध्यमासाठी कोणती आज्ञावली निवडावी, याची चर्चा बहुधा सोय आणि किंमत या दोनच निकषांवर होत आली आहे. हे निकष गैर नाहीत. परंतु वाळवा तालुक्यातील आष्ट्यासारख्या गावी एखादा मराठी विभाग चौंडेश्वरीच्या भावईविषयी जुन्या जाणत्यांची मुलाखत मुद्रित करू पाहील, तेव्हा ते अपुरे पडतील. अशा ठिकाणी मुद्रण हे प्रसारणाचे साहित्य असते, तसाच तो भाषेचा पुरावाही असतो.

गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. प्रत्यक्ष आवाज मात्र सुमारे १२० तासांचाच मुद्रित झाला. बाकीच्या ओव्या कागदावर आहेत, गळा नाही. आज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने एकमार्गी मुद्रण केल्यास तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट लागतात. म्हणजे १२० तास ६३ गीगाबाइटच्या आत बसतात. हल्ली एका पेनड्राइव्हवर मावणाऱ्या या जागेसाठी काटकसर करून मूळ प्रतच एमपी-थ्रीमध्ये ठेवण्याची प्रथा समर्थनीय नाही.

या काटकसरीची किंमत मराठीला अधिक मोजावी लागते. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी तालव्य आणि ‘जगणे’ या धातूचा आज्ञार्थ म्हणून दंततालव्य उच्चारला जातो. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जात असल्याने भेदाची साक्ष फक्त ध्वनी देतो. दंततालव्य उच्चारातील घर्षणाची बरीच शक्ती वरच्या कंप्रतांमध्ये असते. जुन्या भ्रमणध्वनींवरील आठ किलोहर्ट्झ नमुना-दराच्या मुद्रणात चार किलोहर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. अलीकडच्या ॲपमधील आपोआप चालणारे गोंगाट-निवारण पंख्याची घरघर काढते खरे, पण ते शब्दांच्या कडाही बोथट करते. श्रोत्याला आवाज ‘स्वच्छ’ वाटतो; भाषाभ्यासकाला तो निकामी होऊ शकतो. म्हणून आज्ञावलीची पहिली कसोटी ही, की ती प्रक्रिया न केलेला आवाज मुद्रित करू देते काय.

या कसोटीवर ऑडॅसिटी उतरते. २००० साली खुली झालेली ही मुक्तस्रोत आज्ञावली जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते आणि मुद्रणासाठी तिला आंतरजालाची गरज नसते. वीज आणि जोडणी बेभरवशाची असलेल्या ठिकाणी हा गुण लहान नव्हे. तिच्याविषयीची भक्ती मात्र आवरती घ्यावी. पूर्वी तिची प्रकल्प-धारिका आणि प्रत्यक्ष ध्वनीचा संग्रह वेगवेगळे असत; केवळ धारिका नकलून नेणाऱ्याच्या हाती रिकामा सांगाडा येई. मार्च २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीने हा दोष दूर केला, तरी प्रकल्प-धारिका म्हणजे संग्रहाची प्रत नव्हे. त्याच वर्षी म्यूझ ग्रुपकडे मालकी गेल्यावर खासगीपणाच्या धोरणावरून वाद झाला आणि कंपनीला मजकूर बदलावा लागला. मुक्तस्रोत परवान्यामुळे असंतुष्टांना वेगळी आवृत्ती काढता आली, ही गोष्ट येथे निर्णायक आहे.

सशुल्क रीपर बहुमार्गी संपादनात सरस आहे. दोन-तीन वक्त्यांच्या चर्चेसाठी तिचा विचार व्हावा. एका मुलाखतीसाठी ती शिकण्यात वेळ घालवण्याचे कारण दिसत नाही.

ऑनलाइन सेवांबाबत सावधगिरी हवी. स्पॉटिफायने २०१९ मध्ये अँकर ही सेवा विकत घेतली, २०२३ मध्ये तिचे नाव बदलले आणि पुढे २०२४ मध्ये मुद्रण-संपादनाची साधने काढून घेतली. गूगल पॉडकास्टही २०२४ मध्येच बंद झाले. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखे सामुदायिक आकाशवाणी केंद्र असो वा महाविद्यालयाचा विभाग, प्रसारण अशा सेवेतून करण्यास हरकत नाही. परंतु मुद्रण आपल्या संगणकावर करावे आणि संपादनापूर्वीची वेव्ह प्रत दिनांक, गाव व वक्त्याच्या संमतीच्या नोंदीसह दोन स्वतंत्र डिस्कवर ठेवावी.