नवा कॅट, जुना हात

भविष्य सांगणाऱ्यांच्या पंगतीत पहिला पाट कुंडलीवाल्यांचा. त्यांच्यापाशी पंचांग असतं, पंचांगात गणित असतं, आणि गणित म्हटलं की निम्मा महाराष्ट्र आपोआप हात जोडतो. त्यांच्या शेजारी हात पाहणारे. पत्ते पाहणारा मात्र पंगतीच्या टोकाला, ताक वाढायच्या वेळी आठवणारा. आमच्याही पलीकडे पूर्वी पोपटवाला बसायचा. पण आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे लोकांना कळू लागलं आणि तो दिसेनासा झाला. तेव्हापासून शेवटचा पाट आमचाच.

तसं खानदेशात पत्त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर बसतात आणि पुरुषमंडळी पत्ते घेऊन पारावर. एरवी पोराच्या हातात पत्ते दिसले की डोळे वटारणारा बाप त्या दिवशी स्वतःच त्याला वाटायला बसवतो. अशा मुलखात, पांझरेच्या या अंगाला देवपुरात राहून, मी 52 पत्त्यांवर लोकांना चार गोष्टी सांगत आलो यात नवल नाही. पैसे घेत नाही. चहा घेतो.

यंदा भाचीनं पुण्याहून टॅरोचा कॅट आणला. 'मामा, तुमच्या स्टाइलला सूट होतो का बघा,' म्हणाली. मला स्टाइल आहे हे मला तेव्हा कळलं.

नवा कॅट आपल्याला मानवेल की नाही हे ठरवायच्या रीती त्या पंथातल्या लोकांनी घालून दिल्या आहेत. पहिली रीत म्हणजे खुद्द कॅटची मुलाखत. 'तुझा गुण काय? तुझा दोष काय? तुझं-माझं जमेल का?' असं विचारायचं आणि प्रत्येक प्रश्नाला एक पत्ता उघडायचा. थोडक्यात कांदेपोहे! आता कांदेपोह्यांच्या बैठकीत आपला दोष आपण होऊन कुणी सांगितलाय? मुलाखत मी रद्द केली आणि चार साध्या कसोट्या लावल्या. हात, डोळा, मुलूख आणि माणूस.

हाताच्या कसोटीत कॅट साफ नापास. पत्ते 78, आणि एकेक पत्ता चांगला 12 सेंटिमीटर उभा, 7 आडवा. रमीवर वाढलेल्या हाताला हे पिसणं म्हणजे उशीला अभ्रा घालण्यापैकी आहे. बाकी घराणं ओळखीचं. काठ्या म्हणजे आपलं किलवर, पेले म्हणजे बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक आणि नाणी म्हणजे चौकट. फक्त आपल्या गुलामाच्या जागी तिथं दोघं नोकरीला आहेत, एक घोडेस्वार आणि एक हरकाम्या पोरगा. म्हणून एका रंगाचे 14, चार रंगांचे 56. वर 22 पत्ते खास. सूर्य, चंद्र, संन्यासी, न्याय, सैतान आणि स्वतः मृत्यू.

हे सगळं प्राचीन मिसर देशाचं गूढ ज्ञान आहे, असं 1781 साली पॅरिसमधल्या कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं ठोकून दिलं. पुरावा काही दिला नाही. खरी गोष्ट अशी की पंधराव्या शतकात उत्तर इटलीतले लोक या पत्त्यांनी चक्क खेळत असत. भविष्याचा धंदा त्यांना पुढं अठराव्या शतकात चिकटला. म्हणजे त्यांचाही मूळ पुरुष आखाजीवालाच!

डोळ्याच्या कसोटीत मात्र मी टोपी काढली. भाचीनं आणलेला कॅट म्हणजे 1909 साली लंडनच्या रायडर कंपनीनं काढलेला, सगळ्यात चालणारा. योजना वेट नावाच्या गृहस्थांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. त्याआधीच्या मार्सेच्या कॅटात पेल्यांची पंजी म्हणजे नुसते पाच पेले, आपल्या बदामाच्या पंजीसारखे. पाहून काय बोलायचं? या बाईंनी बहुतेक प्रत्येक दुर्री-तिर्रीत एक प्रसंग घातला. पेल्यांची चव्वी बघा. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय. समोर तीन पेले आहेत, ढगातून एक हात चौथा देतोय, आणि याचं लक्ष नाही. पदवी घेऊन घरी बसलेल्या आमच्या गल्लीतल्या अर्ध्या पोरांचा हा फोटो आहे.

पण गंमत अशी की खोक्याला नाव लागलं प्रकाशकाचं आणि वेटसाहेबांचं. बाईंची आद्याक्षरं पत्त्याच्या कोपऱ्यात गवतात सुई पडावी तशी पडलेली. काम फार मोठं आणि पैसा फार थोडा, अशा अर्थाचं त्यांनी त्याच वर्षी एका स्नेह्याला लिहून ठेवलंय. 1951 साली त्या गेल्या त्या हलाखीतच. साऱ्या जगाला भविष्य सांगणारे 78 पत्ते रंगवले, आणि एकाही पत्त्यानं बाईंच्या कानात सांगितलं नाही, की आधी करार नीट वाच.

तिसरी कसोटी मुलखाची. इथं कॅट जरा अडखळतो. नाण्यांच्या पंजीत दोन भिकारी बर्फातून लंगडत चाललेत, मागे देवळाची उजळलेली खिडकी. धुळ्याला थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो हे खरं, पण बर्फ आम्हाला उसाच्या रसात माहीत. तलवारींच्या छक्कीत नावाडी एका बाईला आणि लेकराला पैलतीरी नेतोय. उन्हाळ्यात पांझरेत हा प्रसंग घडवायचा तर नावाड्याला नाव डोक्यावर घ्यावी लागेल. आणि पत्ता उलटा पडला की अर्थ उलटा, हा त्यांचा नियम तर माझ्यासारख्या घाईनं पत्ते गोळा करणाऱ्याच्या मुळावरच येतो. त्यापेक्षा सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा बऱ्या. दहा अवतारांचे दहा रंग, पत्ते 120, आणि सगळे गोल. गोल पत्ता उलटा पाडून दाखवा!

मृत्यूचा पत्ता आधीच काढून ठेवावा, असा काही जणांचा सल्ला असतो. चित्र भीतीदायकच आहे. पांढऱ्या घोड्यावर चिलखतातला सापळा, घोड्याखाली राजा आडवा, पुढं हात जोडलेला धर्मगुरू. मी पत्ता ठेवला. तो पहिल्यांदा निघाला शहाद्याकडच्या एका पाहुण्यांना. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, 'घोडा सारंगखेड्याच्या यात्रेतला का? कितीला पडला?' ज्या माणसाला मृत्यूच्या स्वारीतही घोड्याचा भाव दिसतो, त्याला काय भिववणार? मुलखाची कसोटी अशी त्या पाहुण्यांनीच पास करून दिली. चित्र परदेशी असलं तरी चालतं, पाहणारा आपल्या गावचा असतो.

राहिली माणसाची कसोटी. ती मी ठरवून लावली नव्हती. गल्लीतल्या जिजी एका संध्याकाळी येऊन बसल्या. त्यांचा धाकटा सुरतेला कामाला गेलाय. इकडच्या घरटी एखादं पोरगं सुरतेला असतंच, त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच की तीन महिन्यांत त्याचा फोन नव्हता. जिजींचा प्रश्न ठरलेला. 'मना पोऱ्या कव्हय येई?'

निघाली पेल्यांची अठ्ठी. म्हणजे आपली बदामाची अठ्ठी. माझ्या जुन्या हिशेबात तिचा अर्थ घरी पाहुणा येणार. जुना कॅट हातात असता तर मी बेधडक सांगितलं असतं, 'जिजी, आठ दिवसांत दारात उभा राहतो की नाही बघा.' जिजी खूश होऊन गेल्या असत्या आणि आठ दिवस दाराकडे बघत बसल्या असत्या. नवव्या दिवसाचं काय, हा प्रश्न पत्ते पाहणाऱ्यानं विचारायचा नसतो.

पण या कॅटात चित्र होतं. रात्रीची वेळ, वर चंद्र, आणि एक माणूस काठी टेकत, पाठ फिरवून डोंगराकडे निघालाय. मी तोंड उघडायच्या आत जिजींनी पत्ता उचलला. 'हाऊ तर मनाच पोऱ्या,' म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही, कारण बोलायला जागाच नव्हती. तो चालताना दिसतोय, आणि पाठ आपल्याकडे आहे, हे आंधळ्यालाही कळावं.

थोड्या वेळानं त्यांनी पेल्यांवर बोट ठेवलं. भांडी फोडून नाही गेला, म्हणाल्या, नीट रचून गेलाय. आणि वरच्या ओळीत एका पेल्याची जागा मोकळी ठेवलीय. मी इतके दिवस तो पत्ता पाहत होतो, ती मोकळी जागा मला दिसली नव्हती. कॅटाबरोबरच्या पुस्तिकेतही तिचा उल्लेख नव्हता. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शेत विकायचं की नाही यावरून बापलेकांची बोलाचाली, कापसाचं पडलेलं वर्ष, तोंडातून गेलेला एक शब्द. तो शब्द बापाचा नव्हता, जिजींचाच होता. शेवटी त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, तेही मला नव्हे, त्या पाठमोऱ्या माणसाला, की मग मीच फोन लावू का?

त्या उठून गेल्या. फोन लावला की नाही, मी विचारलेलं नाही. पत्ते पाहणाऱ्याला एवढं तरी पथ्य असावं.

तर भाचीला निकाल कळवायचा आहे. माझी स्टाइल म्हणजे बोलणं. 52 पत्ते मुके आहेत म्हणून माझं चालतं. इस्पिकाची सत्ती स्वतः काही सांगत नाही, तेव्हा मी सांगतो. हा नवा कॅट समोरच्याला बोलतं करतो आणि पाहणाऱ्याला गप्प बसवतो. या हिशेबानं तो माझ्या स्टाइलला मुळीच सूट होत नाही. पण समोर बसलेल्याला सूट होतो, आणि ते माझ्या स्टाइलपेक्षा जरा महत्त्वाचं असावं. चित्र पाहून माणूस आपलीच गोष्ट सांगायला लागला, तर कॅट ठेवावा. आपल्यालाच पुस्तिका उघडावी लागली, तर तो बासनात बांधावा, मग खोका कितीही देखणा असो.

सध्या मी दोन्ही कॅट जवळ ठेवतो. बदली कधी, प्लॉटला गिऱ्हाईक कधी, असं विचारणाऱ्यांना 52 पत्ते पुरतात. त्यांना तारीख हवी असते, ती मी देतो. ज्यांना काही सांगायचं असतं त्यांच्यापुढं 78. दोन्हीत फरक एकच. पहिल्यात माझा चहा गरम असतो. दुसऱ्यात तो गार होतो, आणि तसाच प्यावा लागतो.