मुर्डीपासून दूर : श्री. ना. पेंडसे यांच्या कलाप्रवेशाचा विचार

श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने प्रादेशिकतेच्या अंगाने केला आहे. कोकणचा निसर्ग, तेथील बोली, खोती, भाऊबंदकी या घटकांची नोंद अभ्यासक्रमांतून आणि प्रबंधांतून वारंवार होते. परंतु हा लेखक लेखनापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, हा प्रश्न त्या नोंदींत बाजूला पडतो. तो चरित्रकाराचा प्रश्न आहे, समीक्षकाचा नव्हे, असे आपण धरून चाललो आहोत. प्रस्तुत लेखात या गृहीतकाला आक्षेप घ्यावयाचा आहे. पेंडशांची कलेत शिरण्याची वाट त्यांच्या कादंबऱ्यांच्या घडणीत उतरली आहे, असे माझे मत आहे.

पेंडशांचा जन्म १९१३ साली दापोली तालुक्यातील मुर्डी येथे झाला. मुर्डी हे आंजर्ल्याला लागून असलेले गाव. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस जोग नदीची खाडी, वर डोंगरावर कड्यावरचा गणपती आणि खाली नारळी-पोफळीच्या बागा. खाडीवर पूल होण्यापूर्वी पलीकडे जायचे तर तरीवर अवलंबून राहावे लागे. हा मुलूख पेंडशांनी बालपणीच सोडला. शिक्षण मुंबईत झाले आणि पुढे नोकरीही तेथेच, 'बेस्ट'मध्ये केली. 'खडकावरील हिरवळ' हा व्यक्तिचित्रांचा संग्रह १९४१ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आला. 'एल्गार' ही पहिली कादंबरी १९४९ ची. त्यानंतर 'हद्दपार' (१९५०) आणि 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबऱ्या पाठोपाठ आल्या. गाव सोडणे आणि गावावर कादंबरी लिहिणे यांमध्ये दोन तपांहून अधिक काळ गेला. हा काळ रिकामा नव्हता. माझ्या मते पेंडशांची उमेदवारी ती हीच.

याच पट्ट्यात कलेत शिरण्याची दुसरी एक जुनी रीत आहे आणि ती नेमकी उलट्या दिशेची आहे. शिमग्यात पालखीबरोबर फिरणारे नमन-खेळे रत्नागिरी जिल्ह्यात सर्वत्र परिचित आहेत. तेथे कोणी कोणाला बसवून शिकवीत नाही. पोर मोठ्यांच्या मागून वाडी-वाडी हिंडते. मृदंगाचा ठेका आधी त्याच्या पायात उतरतो आणि हातात पुष्कळ नंतर येतो. गण, गवळण पाठ झाली हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. एखाद्या वर्षी गवळणीतला गडी मुंबईहून येऊ शकत नाही आणि लुगडे याच्या अंगावर चढते. संकासुराचा काळा वेष, निमुळती टोपी आणि कमरेची घुंगरे मिळायला त्याहून अधिक शिमगे जावे लागतात. येथे कलाप्रवेशाचा क्षण असा दाखविता येत नाही. राहणे हेच शिकणे असते. (ही वाट पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांसाठीच मोकळी होती, हे मात्र तिच्या कौतुकात विसरू नये. गवळण मुलींची, नाचणारे मुलगे.)

पेंडशांना ही वाट मिळाली नाही. ज्या वयात पोराच्या पायात ठेका उतरायचा, त्या वयात ते गावाबाहेर पडले. त्यांच्याजवळ उरले ते ऐकलेले. 'गारंबीचा बापू'ची भाषा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. पात्रे बोलतात ती त्या मुलखाची बोली. तिच्यात टोमणा आहे, शिवी आहे, आडून मारलेली मेख आहे. निवेदक मात्र बहुतांशी प्रमाण मराठीत बोलतो. ही केवळ वाचकांची सोय नाही. निवेदक गावाच्या बोलण्याला कान लावून बसला आहे, पण स्वतः त्या बोलण्यात सामील नाही, असे हे अंतर आहे. पंगतीतून उठून गेलेला माणूस पंगतीतले बोलणे आठवतो, तसे. या अंतरामुळेच बापू त्यांना दिसला असावा. अण्णा खोतांचा दबदबा गावात राहणाऱ्याला हवेसारखा वाटतो. त्याचे वर्णन करावे असे त्याला सुचत नाही. राधेला जवळ करणारा, सुपारीच्या व्यापारात स्वतःच्या हिमतीवर उभा राहणारा बापू हाही गावात असून गावाबाहेरचा आहे. लेखकाने नायक म्हणून असा माणूस निवडावा, हा योगायोग मला वाटत नाही.

या मताला अधिक बळकट आधार मिळतो तो पेंडशांच्या मुंबईविषयक लेखनात. 'लव्हाळी' (१९६६) ही कादंबरी रोजनिशीच्या रूपात आहे आणि 'ऑक्टोपस' (१९७२) संवादांतून उभी राहते. दोन्हींत कोकणच्या कादंबऱ्यांतला तो सर्वसाक्षी, ठाम निवेदक रजा घेतो. ज्या शहरात उभे आयुष्य काढले त्या शहराविषयी लिहिताना लेखकाने स्वतःचा आवाज काढून घ्यावा आणि जे गाव लहानपणी सुटले तेथे तो निःशंकपणे बोलावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. याला प्रयोगशीलता म्हणणे चूक नाही, पण ते अपुरे आहे. मुंबई त्यांच्यापुढे रोज घडत होती. ती आठवण झालेली नव्हती. पुढे चौऱ्याहत्तराव्या वर्षी, १९८७ साली, 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड आले. तेव्हा ते पुन्हा कोकणातच, जगबुडीच्या काठी गेले आणि चार पिढ्यांचा पसारा त्याच जुन्या ठाम आवाजात सांगू लागले. साऱ्या विस्तारात ती कादंबरी काही ठिकाणी सैल झाली आहे, हे मान्य करूनही हा आवाज कमी झाला असे म्हणता येत नाही.

अर्थात गाव सोडलेला प्रत्येक चाकरमानी कादंबरीकार होत नाही, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अंतर ही अट असू शकते. ते कारण नव्हे. शिवाय त्या काळी मुंबईत जाऊन शिकणे आणि नोकरीच्या स्थैर्यात लिहिणे कोणाला शक्य होते, हा जातीचा आणि वर्गाचा प्रश्नही येथे आहेच. खेळ्यांतला गडीही मुंबईला गेला होता. त्याला मात्र तेथे कागद मिळाला नाही. तो शिमग्याला परत येऊन नाचला.

रंगभूमीवर बापू ज्यांनी उभा केला, त्या डॉ. काशिनाथ घाणेकरांची वाट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते. ते चिपळूणचे, व्यवसायाने दंतवैद्य. नाटकात शिरले ते विंगेत बसून इतरांना संवाद पुरवीत. १९६२ च्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधील संभाजीने त्यांना नाव मिळवून दिले. पुढे नाटकात आणि १९८० च्या चित्रपटातही ते बापू झाले. दुसऱ्यांचे शब्द अंधारात बसून ऐकणे हीच येथेही उमेदवारी आहे. फरक एवढाच, की पेंडशांनी ऐकलेले कागदावर उतरविले आणि घाणेकरांनी ते अंगावर घेतले.

सृजनशील लेखनाचा घटक आता पदवी वर्गांना शिकविला जातो. 'लेखन कसे करावे' याच्या टिपणांत निरीक्षण, शब्दसंग्रह, वाचन अशी यादी असते आणि मीही ती वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आंजर्ल्याच्या बाजूचा एक विद्यार्थी होता. 'गारंबीचा बापू' चालू असतानाच शिमगा आला आणि तो आठवडाभर दिसला नाही. नंतर कळले, की त्या वर्षी प्रथमच त्याला संकासुराचा वेष मिळाला होता. वर्गात मी त्या आठवड्यात प्रादेशिक कादंबरीतील लोकजीवन शिकवीत होतो आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे माझ्याच हाताने सहा दिवस गैरहजर असे लिहिले होते. अंतर्गत गुणांत त्याचे दोन गुण त्यापायी गेले. त्याने तक्रार केली नाही. पेंडशांच्या कादंबरीत नमन कोठे येते, एवढे त्याने नंतर एकदा विचारले. मी त्याला पृष्ठे शोधून देतो म्हणालो. ती अद्याप दिलेली नाहीत.