बालविद्यार्थ्यांचे इंग्रजी आणि मराठीची भाषिक घडण : सातारा-सांगलीच्या संदर्भात

जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी विषय पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झाला. सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळाही त्यात आल्या. या निर्णयाने प्रारंभाचे वय बदलले. अध्यापनाची दृष्टी बदलली काय, हा खरा प्रश्न आहे.

मराठीत ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो, ही खात्री बालकाला प्रारंभीच मिळते. इंग्रजीत मात्र ‘पुट’ आणि ‘बट’ यांतील एकच स्वराक्षर दोन उच्चार घेते. ही अडचण केवळ मराठी मुलांची नाही. सीमोर, आरो व अर्स्किन यांच्या २००३ मधील युरोपीय भाषांच्या अभ्यासात पहिल्या वर्षाअखेर ग्रीक मुले परिचित शब्द ९८ टक्के अचूक वाचत होती. स्कॉटलंडमधील इंग्रजीभाषक मुले मात्र ३४ टक्केच. ग्रीकमध्येही ‘इ’ हा ध्वनी अनेक प्रकारे लिहिला जातो. म्हणजे वाचन सुलभ, शुद्धलेखन कठीण. मराठीतील ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ याच जातीचा आहे.

रचनेतील भेद अधिक खोल आहेत. मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. ‘टेबलावर’ या शब्दात संबंधदर्शक ‘वर’ नामानंतर येतो, तर ‘ऑन द टेबल’मध्ये तो आधी. ‘द’सारखे उपपद मराठीत नाही. ग्रीकप्रमाणे मराठीतही निर्जीव वस्तूंना तीन लिंगे आहेत. म्हणून ‘खुर्ची’साठी ‘शी’ वापरणारे मूल अज्ञान नव्हे, तर मातृभाषेचा नियम प्रकट करते. जत तालुक्यातील कन्नडभाषक मुलाचा पाया पुन्हा निराळा. कन्नडमध्येही क्रियापद शेवटी येते, परंतु निर्जीव वस्तू नपुंसकलिंगीच असतात. दोघांच्या चुका एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरते.

अर्थात सर्वच चुका मातृभाषेतून येत नाहीत. ‘कम’चे भूतकाळी रूप ‘कम्ड’ करणारे मूल इंग्रजीचाच नियम ताणत असते. चूक ही शिकण्याच्या प्रक्रियेची खूण आहे, हे कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडले होते. तरीही अक्षरांची नावे व स्पेलिंग यांच्या घोकंपट्टीवर भर देणारी अध्यापनपद्धती चुकीकडे केवळ दोष म्हणून पाहते. ध्वनी आधी, अक्षराचे नाव नंतर, आणि मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य, असा क्रम स्वीकारावयाचा तर शिक्षकाला दोन्ही भाषांचे व्याकरण अवगत हवे. तुलनात्मक व्याकरणाचे हे प्रशिक्षण दिल्यावाचून केवळ वर्ग अलीकडे ओढल्याने इंग्रजी जवळ येत नाही. चुकांची भीती तेवढी चार वर्षे आधी येते.